पिवळी स्प्रिंग

९ जाने., मंगळ.

प्रश्न: कुणी हात न लावता स्प्रिंग कशी तुटते?

उत्तर: माहीत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, घरातली पहिली ग्रॅज्युएट, पदवी घेतानाचा फोटो हॉलमध्ये देवांच्या शेजारी टांगलेला, आणि माहीत नाही.

कोपरीच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरचा सुटा माल पाठवलेला, तो काल पूर्ण झाला. स्क्रू, वॉशर, चोकची दांडी, दोन लिव्हर, आणि पाय काढला की ॲक्सिलरेटर मागे ओढून आणणारी छोटी स्प्रिंग. सगळं गंजलेलं आलेलं. ॲसिडमध्ये साफ करून झिंक चढवलं, वर यलोचा थर मारला. रंग झकास आला. उन्हात फिरवलं की पिवळ्यातून हिरवट-जांभळी झाक जाते, ती. स्प्रिंगच्या वेढ्यांच्या आत रंग पोचलाय का ते बघायला मी ती फळीवरच्या दोन खिळ्यांमध्ये ताणून अडकवलेली आणि तशीच विसरले. सकाळी बाबांनी आमच्या प्लेटिंगच्या शेडचं शटर उघडलं तर अर्धी फळीवर, अर्धी खाली.

मंदाआत्या म्हणाली उंदराचं काम. (बाबांची चुलतबहीण. प्लेटिंगला जाणारा माल तांब्याच्या तारेत ओवायचं काम तिचं, आणि दिवसभर बोलायचंही.) उंदीर लोखंड खातो का, असं मी विचारलं. "ठाकुर्लीचा हाय. काय पण खाईल."

बाबांनी डब्यातून त्याच मापाची दुसरी स्प्रिंग काढून ॲसिडमध्ये सोडली. त्यांच्यापुरता विषय संपला. मी तुकडे उचलून बघितले. तुटलेली जागा सरळ, खडू मोडावा तशी. स्टील असं मोडत नाही. आधी ताणतं, वाकतं, मग

जेवायला हाक मारतायत.

१० जाने., बुध.

फळीवर परत स्प्रिंगा ताणून लावल्या. एक कोरी, दोन प्लेटिंग केलेल्या. बाबा म्हणाले इथे तोरण कसलं लावतेस. प्रयोग आहे म्हटलं. "प्रयोगाला कॉलेज होतं. इथे काम हाय." काढायला मात्र लावल्या नाहीत.

१२ जाने., शुक्र.

प्लेटिंगवाल्यातली एक तुटली. दुसरी ठीक. कोरी ठीक. दोन्ही तुटल्या असत्या तर सोपं होतं. एक जाते, एक राहते, आणि बघून काहीच कळत नाही.

कॉलेजच्या मॅडमना फोन केला. रिटायर झाल्यात, डोंबिवलीतच असतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग एकच शब्द: हायड्रोजन. ॲसिडमध्ये बुडवताना तयार होतो, प्लेटिंगच्या करंटनेही होतो, आणि थोडा पोलादात शिरतो. साध्या स्क्रूचं लोखंड मऊ, त्याला फरक पडत नाही. स्प्रिंगचं पोलाद कडक असतं, ते आतून ठिसूळ होतं. मग ताणाखाली कधीही जातं. उपाय जुनाच: प्लेटिंग झाल्या झाल्या दोनशे डिग्रीच्या आसपास काही तास भाजायचं, म्हणजे तो निघून जातो.

"हे मी शिकवलेलं आहे गं तुम्हाला."

शिकवलं असेल. मी पेपरात लिहिलंही असेल. आमच्या शेडमध्ये ज्या टाकीवर मी लहानपणापासून उभी राहते, तीच ही गोष्ट, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. वह्या एकीकडे, टाकी एकीकडे.

१३ जाने., शनि.

आईचा केकचा ओव्हन शेडमध्ये आणला. आई म्हणाली यात आता नानकटाई भाजली तर कोण खाणार. धुऊन देते म्हटलं. "तुझ्या बापाचे कपडे मी रोज धुते. वास गेला का?"

सलीमभाईंची नवी स्प्रिंग, यलो मारून तयार होती, ती भाजली. दुपारी काढली तर रंग मेलेला. पिवळं गेलं, चहा सांडल्यासारखे डाग. बाबांनी हातात घेतली, उलटसुलट केली, परत ठेवली.

"शीक अजून."

एवढंच. रागावले असते तर बरं.

१६ जाने., मंगळ.

सलीमभाई स्वतः आले. पूर्ण शहरात जुने कार्ब्युरेटर उघडायची हिंमत करणारे ते एकटेच, असं बाबा म्हणतात. स्प्रिंग बघून म्हणाले, "काय बेटा, हल्दी लावायला दिलेली, तू राख फासून पाठवतेस?"

मी हायड्रोजन सांगितला. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ताकद आली असेल, पण गिऱ्हाईक बॉनेट उघडून दोस्तांना काय दाखवणार, ताकद?

बाबा हसले. माझ्यावर नाही, पण हसले. मला अजिबात हसू आलं नाही. माझं हे वाईट आहे, मंदाआत्या म्हणते, "हिला गंमत कळायला पण पुस्तक लागतं."

१८ जाने., गुरु.

जमलं!

उष्णतेने मरतो तो यलो, झिंकला काही होत नाही. म्हणजे क्रम बदलायचा. झिंक, मग भाजणं, गार करून सौम्य ॲसिडात एक बुडी, आणि शेवटी यलो. सुरुवातीला गंज काढायला ॲसिड नकोच, पितळी ब्रशने घासायची. हात दुखतात, पूर्ण दिवस जातो. पण रंग तोच आला. दोन दिवस ताणून ठेवणार आहे, तरी मला आजच खात्री आहे.

मंदाआत्याने स्प्रिंग उन्हात धरली. "नवरीवानी झाली गं." मग बाबांना विचारलं, दादा, नाशिकच्या लग्नाचा शर्ट शिवून झाला का?

तेव्हा मला गेल्या वर्षीची एक स्प्रिंग आठवली.

१९ जाने., शुक्र.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थांबेल.

नाशिकचं लग्न म्हणजे प्रधान सरांच्या नातवाचं. प्र. सर ठाण्याला नौपाड्यात राहतात, त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची हिरवी गाडी आहे. गेल्या वर्षी, मी शेवटच्या परीक्षेत अडकलेले तेव्हा, तिच्या कार्ब्युरेटरचा सगळा माल बाबांनी केला. प्र. सरांचा हट्ट, की स्प्रिंगही पिवळीच हवी, मूळ तशीच होती. त्याआधी आम्ही स्प्रिंगला हात लावत नव्हतो, सलीमभाई नवी काळी टाकायचे. त्यानंतर स्प्रिंग आली ती थेट या महिन्यात. म्हणजे न भाजता बाहेर गेलेली एकच.

आणि ती त्या गाडीत आहे. काम झालं नि सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी वर्षभर कापडाखाली. रस्त्यावर येणार ती आता, ३ फेब्रु.ला, थेट कसाऱ्याच्या घाटातून. चालवणार प्र. सर. शेजारी बाबा. सरांनी स्वतः फोन करून सांगितलं, "रमाकांतजी, तुम्ही गाडीतच बसायचं."

घाटात ती स्प्रिंग तुटली तर पाय काढूनही इंजिन ओढतच राहणार.

२० जाने., शनि.

बाबांना सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं.

ते म्हणाले वर्षभर टिकली, तुटायची असती तर तुटली असती. बरोबर आहे. मॅडमनाही परत विचारलं, त्याही म्हणाल्या शक्यता कमी आहे. पण उभ्या गाडीत स्प्रिंग जेमतेम ताणलेली असते, खरा ताण ॲक्सिलरेटर दाबल्यावर. तुटेल का? सांगता येत नाही, मॅडम म्हणाल्या. तुटणार नाही का? तेही सांगता येत नाही.

बाबांना हे दोन्ही सांगितलं. भात कालवत म्हणाले, "मग काय सांगायला आलीस?"

२२ जाने., सोम.

बाबांचं मला कळतं. कळत नाही असं ते समजतात.

बाबा आठवी पास. लग्नाआधीपासून डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्लेटिंग लाइनवर होते, नखं कायमची पिवळी झाली. आजोबांनी शेत विकून जो तुकडा उरला त्यावर ही शेड. पंधरा-वीस वर्षं बोल्टांवर झिंक चढवलं, कुणी नाव विचारलं नाही. मग प्र. सरांचं काम. त्यांनी बाबांना घरी बोलावलं, आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, मित्रांना सांगितलं, हे आमचे कारागीर. बाबा त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ नुसते बसून होते. आईने विचारलं, बरं नाय का. म्हणाले, "नाय गं, बरा हाय मी."

आणि मी त्यांना सांगणार की जा, त्या माणसाला सांगा, चूक झाली.

चूक तरी म्हणायची का? माहीत नव्हतं याला चूक म्हणतात का? पण आता माहीत आहे. कालपर्यंतचं सोडा, आता आहे ना.

डोकं थांबत नाही. तारेत ओवलेले स्क्रूंचे दोन बंच आज टाकीत जास्त वेळ राहिले, माझ्यामुळे.

२४ जाने., बुध.

कोपरीला सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांची भाजलेली स्प्रिंग दिली. रंग बघून खूश. मग हळूच विचारलं, प्र. सरांची गाडी निघण्याआधी तुमच्याकडे तपासायला येणारच असेल, तेव्हा तेवढी एक स्प्रिंग बदलाल का. कुणाला सांगायची गरज नाही.

ते हात पुसत राहिले. गाडी येणार नाही, मीच जाणार आहे, म्हणाले. प्लग बघणार, तेल बघणार. "पण रमाकांतचं काम मी त्याला न विचारता काढणार नाय. आज तुझ्या सांगण्यावरून त्याचं काढेन, उद्या कोणाच्या सांगण्यावरून माझं कोणी काढेल. त्याला घेऊन ये, दोन मिनिटांत बदलतो."

चहा पाजला. मी प्यायले. खरं तर त्यांचं बरोबरच, आणि मला चोरून करायला सुचलंच कसं याचं वाईट वाटलं. पण वाईट वाटून स्प्रिंग तिथून निघत नाही.

२७ जाने., शनि.

शर्ट आला. आकाशी. बाबांनी घालून दाखवला, आईने कॉलर सरळ केली. मंदाआत्या म्हणाली, दादा, नवरदेव पण लाजेल. बाबा आरशात बघत होते. मला त्या क्षणी नाहीसं व्हावंसं वाटलं.

दोन दिवसांपासून प्र. सरांच्या गाडीसाठी तशीच स्प्रिंग नव्याने करतेय. त्याच मापाची, नीट क्रमाने. बाबा बघतात, विचारत नाहीत. ओव्हन चालू असला की शेडच्या दुसऱ्या टोकाला काम काढतात.

२९ जाने., सोम.

भांडलो. भांडण म्हणावं तर आवाज कुणाचाच चढला नाही.

मी म्हणाले, बाबा, आपण दोघं जाऊ. मी सांगते, तुम्ही नुसते उभे राहा. नवी बसवू. कौतुकच करतील.

ते टाकीतून बंच काढत होते. पाणी निथळू दिलं.

"मी बसणार हाय त्या गाडीत. मी. मना भीती असती तर बसलो असतो?"

म्हणूनच तर म्हणतेय, मी म्हणाले.

"तुला सांगायचं तर जा, सांग. अडवत नाय. पण मग मी त्यांच्या दारात परत जाणार नाय. ना लग्नाला, ना कामाला. आपल्या हाताला आपण काय केलं ते ठाव नव्हतं, असा माणूस त्या खुर्चीत बसत नाय."

मी म्हणाले कुणालाच ठाऊक नसतं, मोठ्या कारखान्यांतसुद्धा.

"तुला ठाव होतं. पुस्तकात होतं. तुझ्यासाठीच घेतलेली ना ती पुस्तकं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बरंच झालं शिकवली ते."

हे टोमणा मारून म्हणाले की मनापासून, मला अजून ठरवता येत नाही.

३१ जाने., बुध.

आई म्हणते एवढं काय त्यात, देवाचं नाव घे, होणार नाही काही. मंदाआत्या म्हणते मीच त्या गाडीत बसून बाबांच्या ऐवजी जाते, म्हातारी मेली तर कोण रडतंय. मग स्वतःच परत तारेत माल ओवायला लागली.

कॉलेजात आम्ही वादविवाद करायचो. सत्य आणि निष्ठा यांत काय मोठं, वगैरे. मी नेहमी सत्याच्या बाजूने, बक्षीसही मिळालेलं. तेव्हा समोर कुणाचा आकाशी शर्ट नव्हता.

शनिवारी गाडी निघेल, त्याच्या आत

१ फेब्रु., गुरु.

झालं. क्रमाने लिहिते.

सकाळी बाबांना सांगितलं, ठाण्याला जातेय. कुठे ते विचारलं नाही. हातातलं काम खाली ठेवलं, परत उचललं.

प्र. सर बागेत होते, काठी घेऊन. मी रमाकांतजींची मुलगी म्हटल्यावर इतके आनंदले की मला विषय काढता येईना. पाणी, लाडू, पदवीची चौकशी. शेवटी म्हटलं, सर, गाडीतली एक स्प्रिंग बदलायची आहे, आणि सगळं सांगितलं. वाटेत पाठ केलेलं तसंच. ॲसिड, हायड्रोजन, भाजणं. तुटेलच असं नाही, हेही.

ते गंभीर झाले. गॅरेजमध्ये घेऊन गेले, कापड काढलं, स्वतः बॉनेट उचललं. आत सगळं पिवळं लखलखीत, एका वर्षात एका स्क्रूला डाग नाही. बाबांचं काम. मी पक्कड घेऊन स्प्रिंग काढली. हातात आली ती चांगली, अख्खी. खिळ्यावर ताणून बघितली असती तर कदाचित कळलं असतं, कदाचित नसतं. पर्समध्ये टाकली. नवी अडकवली, ॲक्सिलरेटर दाबून सोडून दाखवला. झटकन परत आला.

सर बघत होते. "ही आधीची कुणाच्या हातची?"

वाटेत याचं उत्तरही तयार होतं. बाबांच्या हातची, सर, पण तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, आता कळलं तर लगेच आले. खरं होतं, सरळ होतं. सरांनी समजून घेतलंही असतं. गॅरेजच्या भिंतीवर एक फोटो होता, गाडी आणि शेजारी बाबा, बॉनेटवर हात ठेवून, फोटो काढताना माणूस हसतो तसं न हसता उभे. सरांनी फ्रेम केलेला. मी त्याच्याकडे बघितलं असेन.

"माझ्या," मी म्हणाले. "बाबांनी स्क्रू केले, स्प्रिंग मी केलेली. तेव्हा शिकत होते."

सरांनी बॉनेट खाली केलं. मग म्हणाले, "प्रामाणिकपणे सांगितलंस, हे चांगलं केलंस. पण पोरी, पदवी वेगळी आणि हात वेगळा. यापुढे माझं काम रमाकांतजींनी स्वतः करावं. रागावू नकोस. मी त्यांना आज फोन करतो."

प्रामाणिकपणे. बागेत परत येऊन मी उरलेला लाडू संपवला. हो म्हणाले.

येताना काहीच वाटत नव्हतं, आणि ठाकुर्लीला उतरल्यावर सगळं एकदम. सरांना फसवलं. घाटातली भीती काढायला गेले आणि खोटं ठेवून आले. बाबांना विचारलंही नाही की त्यांना ते हवं आहे का. त्यांची चूक मी उचलली, पण बाबांना स्वतःच्या कामाबद्दल दुसऱ्याने खोटं बोललेलं चालतं का? ते तर म्हणालेले, मी त्या दारात परत जाणार नाय. आता जाऊ शकतात. जातील?

शेडमध्ये बाबांना सांगणार होते, मंदाआत्या समोर होती म्हणून थांबले. ती गेली आणि फोन वाजला. बाबांनी नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन घेऊन बाहेर गेले.

अजून बाहेरच आहेत. शटर अर्धं खाली, मला फक्त त्यांचे पाय दिसतायत, एका जागी. ऐकू काही येत नाही. ते म्हणत असतील हो, पोरगी शिकतेय अजून. की म्हणत असतील, सर, तेव्हा ती कॉलेजात होती.

काहीही म्हणोत. माझं मी सांगून आलेय.